डोहाळजेवणातलं अंतराळ

न्यू जर्सीतल्या मराठी पुरुषाला पन्नाशीच्या आसपास काहीतरी होतं. कुणाला मॅरेथॉन होते, कुणाला ढोलताशा पथक होतं. कुणाला बॅकयार्डातला दुधीभोपळा होतो आणि मग सगळा ऑगस्ट ओळखीपाळखीच्या दारांत दुधी येऊन पडतात. मला रेकॉर्डी झाल्या.

लताबाई-आशाबाईंच्या असत्या तर घरच्यांनी पाहुण्यांपुढे मिरवलं असतं. कुमारांच्या, मल्लिकार्जुनांच्या असत्या तर मंडळाच्या गणपतीत एखादं भाषण तरी पदरात पडलं असतं. मला जडला तो सत्तरच्या दशकातला इटालियन स्पेस रॉक. त्यावर दोन शब्द बोलायला एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत एक मराठी माणूस सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच ओढ होती. भीमसेनांचा विषय काढला की समोरचा सवाईत पहाटे ऐकलेला ललत काढतो आणि आपण गप्प. फ्रांको बातियातोचा विषय काढला की समोरचा गप्प.

हा बातियातो मला टर्नपाइकवर भेटला. जर्सी सिटीत डब्ल्यूएफएमयू नावाचं रेडिओ स्टेशन आहे. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत, आणि निवेदकाला मनात येईल ते लावायची मुभा. एका संध्याकाळी न्यूअर्क विमानतळाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि गाडीत धप्-धप्, धप्-धप् सुरू झालं. आधी वाटलं गाडीचं काहीतरी गेलं. मग वाटलं माझंच गेलं. वयच तसं. एक हात छातीवर ठेवून मी कडेची लेन धरणार, तेवढ्यात त्या ठोक्यांवर सिंथेसायझर तरंगत आला आणि एक पातळ, किंचित नाकातला आवाज इटालियनमध्ये फार मनापासून काहीतरी सांगू लागला. काय सांगत होता ते कळलं नाही. पण काहीतरी फार थोर असणार, हे माझं त्याच क्षणी ठरलं.

ती रेकॉर्ड होती 'फेटस'. साल १९७२, कंपनी 'ब्ला ब्ला'. (कंपनीचं नाव खरंच हेच.) एका गर्भाची कहाणी, आणि गाण्यांची नावं 'उना चेल्लुला', 'कारिओचिनेसी', 'अनाफासे', 'मुतात्सिओने', म्हणजे बारावीच्या बायॉलॉजीची अनुक्रमणिका कुणीतरी चाल लावून म्हणावी तशी. सगळी रेकॉर्ड ऑल्डस हक्सलेला अर्पण, कारण त्याच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये मुलं आईच्या पोटात नव्हे, बाटल्यांत वाढतात. दुसऱ्या बाजूला अपोलो मोहिमेतली रेडिओवरची बोलणी येतात आणि त्यांच्यामागे बाखची संथ सुरावट. मुखपृष्ठ जान्नी सास्सीचं, त्यावर थेट गर्भाचा फोटो. गोंडस वगैरे अजिबात नाही. त्यावरून तेव्हा इटलीत बराच गदारोळ झाला होता.

प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंजमध्ये खालच्या खोक्यांपाशी उकिडवं बसून गुडघे कामातून गेल्यावर एकदाची ती मिळाली. मूळ इटालियन प्रत नव्हे, ती माझ्या आवाक्याबाहेरची. नव्याने छापलेली. बायकोला निम्मी किंमत सांगितली. तिने निम्म्यावरच कपाळाला हात लावला.

मग मी अभ्यासाला लागलो. बातियातो सिसिलीचा, एटना ज्वालामुखीच्या परिसरातला, जन्म १९४५. 'फेटस'मध्ये वाजतो तो सिंथेसायझर व्हीसीएस-थ्री, १९६९ साली लंडनच्या ईएमएस कंपनीने काढलेला. लाकडी पेटी, वर गोल बटणांच्या रांगा, कोपऱ्यात एक जॉयस्टिक, आणि तारांऐवजी बारीक पिना खोचायला भोकाभोकांचा चौकोन. कुठल्या भोकात पिन, त्यावर आवाज ठरणार. हे सगळं मी पॉटलकला, हळदीकुंकवाला (पुरुषांच्या खोलीत) आणि एकदा तर एका श्रद्धांजली सभेनंतरच्या चहापानात सांगितलेलं आहे. माझं ठेवणीतलं वाक्य असं असायचं : "पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'ची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते म्हणून लोक वेडे होतात. ती १९७३ची. बातियातोने ठोके आधीच्याच वर्षी वाजवले होते!" यावर लोक "हो का?" म्हणून सामोसे आणायला जात.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला मी दुसरी बाजू ऐकवली. 'फेनोमेनोलॉजिया' नावाच्या गाण्यात बातियातो चक्क गणिताचं समीकरण गातो. एक्स वन, ए साइन ओमेगा-टी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ज्या साइन ओमेगा-टीपायी मला एटीकेटी लागली, तेच हा माणूस डोळे मिटून गातोय (डोळे मिटले असणारच) या विचाराने मला भरून आलं. आईला समजावून सांगितलं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेव्हा असं चालीवर पाठ केलं असतंस तर एका झटक्यात सुटला असतास."

एवढं सगळं होऊनही घरातली शांतता टिकून होती. ती भाचीच्या डोहाळजेवणाला गेली.

भाची, म्हणजे ताईची मुलगी, एमएस करायला आली आणि इथलीच झाली. जावईबापू ब्लूमफिल्डचे, आजोळ सिसिलीचं. जर्सीत हे नवल नाही, इथे दर चौथ्या माणसाची आजी नेपल्सची नाही तर पालेर्मोची निघते. भाचीने ठरवलं की बेबी शॉवर आणि डोहाळजेवण एकाच दुपारी उरकायचं. मंडळाकडून झोपाळा आला. ओक ट्री रोडवरून गजरे आले, फुलांचे दागिने आणि धनुष्यबाण आले. ताईने सांगलीहून हिरवी साडी, खण आणि श्री बालाजी तांबे यांच्या गर्भसंस्काराची सीडी आणली. सीडी लावायला त्या घरात यंत्रच नव्हतं. तिकडच्या मंडळींनी बेकरीतून कुकीजची परात आणि साखरेत घोळवलेल्या बदामांच्या पुड्या आणल्या. शुभकार्याला त्यांच्यात हे बदाम लागतातच.

संगीताची जबाबदारी मी मागून घेतली. भाचीने मनात यादी केलेली होती : आपल्यासाठी भावगीतं, त्यांच्यासाठी फ्रँक सिनात्रा.

"सिनात्रा?" मी म्हणालो. "इटालियन पाहुण्यांना सिनात्रा? अगं, तो होबोकेनचा. तो इटालियन कसला, तो पाथ ट्रेनचा!"

मग मी अभिमन्यू काढला. सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला तो अभिमन्यू. आज एका पोटात महाराष्ट्र आणि सिसिली दोन्ही वाढतंय, आणि माझ्याकडे अशी रेकॉर्ड आहे की जी सिसिलीच्या माणसाने गर्भावरच केलेली आहे. पेशीपासून सुरुवात. विज्ञाननिष्ठ गर्भसंस्कार! भाची त्या वेळी फोनवर केकवाल्याशी बोलत होती. तिने हात हलवून एवढंच म्हटलं, "मामा, काहीतरी सॉफ्ट लाव." मी याला होकार समजलो. आमच्या घरात पुरुष असेच होकार मिळवत आलेले आहेत.

दुपारी मंडळी जमली. जावयाची आजी, सगळ्यांची नोना, काळं कार्डिगन आणि पायांत पांढरे स्नीकर्स घालून आली. लग्न होऊन कातानियाजवळच्या गावातून अमेरिकेत आलेली, तेव्हापासून नटलीत राहणारी. मी पुढे होऊन तिला खुर्ची दिली आणि सांगितलं, "नोना, आज तुमच्यासाठी खास तुमच्या गावाकडचा गवई आहे." तिने माझा गाल चिमटीत धरून हलवला. बऱ्याच वर्षांत कुणी माझा गाल धरला नव्हता. मुखपृष्ठ मात्र मी टीव्हीमागे सरकवून ठेवलं होतं, एवढी अक्कल शाबूत होती.

भाची झोपाळ्यावर बसली. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, हातात धनुष्यबाण. ताईने ओटी भरायला घेतली, तांदूळ, नारळ, खण. विहीणबाईही साडी सावरत तांदळाची मूठ घेऊन उभ्या राहिल्या. मी सुई टेकवली.

धप्-धप्. धप्-धप्.

खोली क्षणभर स्तब्ध झाली. मग विहीणबाईंच्या नर्स बहिणीने दोन्ही हात गालांवर घेतले आणि म्हणाली, "ओ माय गॉड, हे बाळाचे ठोके आहेत!"

आणि बघता बघता सगळ्यांचं तेच झालं. सोनोग्राफीच्या वेळचे ठोके मामाने रेकॉर्ड करून आणले! बायकांचा एकच "ऑऽऽ" झाला. ताईने पदर डोळ्यांना लावला. जावईबापू भाचीचा हात धरून माझ्याकडे कृतज्ञतेने बघू लागले. फोन वर झाले, व्हिडिओ सुरू झाले. हे ठोके मिलानच्या एका स्टुडिओतले असून पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत, हे सांगायची ती वेळ होती. मी नम्रपणे मान झुकवली.

मग बातियातो गाऊ लागला.

नोना आधी हसली. आपली भाषा कानांवर आली की माणूस हसतोच. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. मग तिने मांडीवरच्या हाताची मधली दोन बोटं मिटली, करंगळी आणि तर्जनी ताठ केली आणि ती शिंगं माझ्या स्पीकरवर रोखली. मला वाटलं, वा, रॉकवाले करतात ती खूण! आजी भलतीच रंगात आली! मीही तिला तीच खूण करून दाखवली.

"कोण गातंय हे?" तिने विचारलं.

"बाळ गातंय, नोना. न जन्मलेलं बाळ. कल्पनाच बघा केवढी!"

"बाळ गातंय ते कळलं मला. ते काय म्हणतंय ते तुला कळतंय का?"

व्हीसीएस-थ्रीमध्ये ऑसिलेटर किती ते मला माहीत होतं. (तीन.) हे तेवढं राहून गेलं होतं.

नोनाने इंग्रजीत सांगितलं की हे पोर पोटातूनच तक्रार करतंय, आपल्या जन्मात माया कुठे नाहीच म्हणून. ते विहीणबाईंनी घाबरून मोठ्याने परत म्हटलं. ते ताईने ऐकलं आणि आईच्या कानाशी वाकून मराठीत सांगितलं. आईला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ताईला ओरडून सांगावं लागलं, "बाळाला कुणी माया लावणार नाही म्हणतोय!"

"कोण म्हणतोय?" आई उठून उभी राहिली. "कोण मेला म्हणतोय असं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सुई उचलायला झेपावलो. झेपावताना झोपाळ्याच्या दांडीला कोपर लागलं, सुई तशीच रेकॉर्डवरून खरखरत पुढे गेली आणि पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर जाऊन थांबली. 'एनर्जिया'. त्याच्या सुरुवातीला लहान मुलाचं बोबडं बोलणं आहे. खोलीत ते गोड बोबडे बोल घुमले आणि मंडळींच्या जिवात जीव आला. "हां, हे छान आहे," भाची म्हणाली. मला वाटलं, वाचलो. सुईवरचा हात मी काढून घेतला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी हात काढून घेतल्यावरच बिघडलेल्या आहेत.

बोबडे बोल संपले आणि बातियातो परत आला. या गाण्यात तो आपल्या आयुष्यात आलेल्या अनेक बायकांची आठवण काढतो आणि त्यातून जी मुलं कधी झालीच नाहीत त्यांचा हिशोब मांडतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसलं की नोनाने माझं मनगट पकडलंय. सगळे तिच्याकडे बघत होते, आता काय म्हणतोय म्हणून. नोना काही बोलली नाही. तिने छातीवर क्रॉसची खूण केली. आधी ती सगळं इंग्रजीत सांगत होती तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती मला आत्ता वाटली.

जावईबापूंनी सरळ प्लग काढला.

पुढचा कार्यक्रम दोन म्हाताऱ्यांनी हातात घेतला. नोनाने खोलगट ताटलीत पाणी आणि ऑलिव्ह तेल मागितलं. आईने मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मागितल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नाही, आणि तरीही काय झालंय याबद्दल दोघींचं दुमत नव्हतं. दृष्ट लागलीय. त्यांच्याकडे तिला मालोक्किओ म्हणतात. पाण्यात तेलाचे थेंब सोडायचे. थेंब गोल राहिले तर ठीक, पसरले तर लागली. उतरवायची प्रार्थना त्यांच्यात म्हणे नाताळच्या आदल्या रात्रीच एका बाईने दुसरीला द्यायची असते, एरवी नाही. नोनाने बोट बुडवून थेंब सोडले. आई चष्मा लावून ताटलीवर वाकली. थेंब पसरले. दोघींनी एकाच वेळी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघ," आई मला म्हणाली, "तिला पण कळलं."

मग नोना पुटपुटत भाचीच्या कपाळावर अंगठ्याने खुणा करत होती आणि त्याच वेळी आई मूठभर मीठ-मोहऱ्या-मिरच्या तिच्यावरून ओवाळत होती. इडा पिडा टळो. भाची धनुष्यबाण धरून निमूट बसली होती. ओवाळलेलं आईने थेट गॅसवर टाकलं. सांगलीच्या स्वयंपाकघरात त्याचा ठसका उठतो, ब्लूमफिल्डच्या घरात स्मोक अलार्म उठतो. तीनही मजल्यांवरचे अलार्म एकदम किंचाळू लागले. व्याही खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत राहिले. मला त्या गोंगाटात व्हीसीएस-थ्रीचा भास झाला, पण हे बोललो नाही. मीही कधीकधी शिकतो.

खिडक्या उघडून, खोकून झाल्यावर नोनाने मला जवळ बोलावलं. "नाव काय त्या माणसाचं?"

"फ्रांको बातियातो."

तिचा चेहरा उजळला. "बातियातो? चष्मा, लांब नाक? तो? तो तर फार छान गातो!"

आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिने त्याचं एक गाणं धरलं. 'चेंत्रो दि ग्राविता पेर्मानेंते'. विहीणबाई लगेच मिळाल्या, त्यांच्या बहिणीलाही येत होतं. 'फेटस'नंतर नऊ वर्षांनी, १९८१ मध्ये, बातियातोने 'ला वोचे देल पाद्रोने' काढली आणि ती इटलीत दहा लाखांवर खपली, तोवर एवढी कुठली इटालियन रेकॉर्ड तिकडे खपली नव्हती. कातानियाकडच्या लग्नांत म्हणे यावर नाचल्याशिवाय कुणी घरी जात नाही. जावईबापूंनी फोनवर लावलं. नोना स्नीकर्सवर नाचली. ताई नाचली. आई नाचली नाही, पण टाळ्या मोठमोठ्याने वाजवल्या, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हा बघ किती छान गातो!"

"तोच आहे तो, आई."

"काहीतरीच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं बायकोचं मत आहे. पण रसिकाला राहवत नाही. नाच जरा थांबल्यावर मी नोनाला सांगितलं की जाणकारांच्या लेखी त्याचं आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. १९७८ मध्ये त्याने पियानोचा एक तुकडा केला, 'लेजित्तो प्रिमा देल्ले साब्बिए'. त्यात तेच ते सूर पुन्हा पुन्हा येतात, मध्ये शांतता, पुन्हा तेच सूर, अशी रेकॉर्डची अख्खी एक बाजू. आणि त्याला स्टॉकहाउजेनच्या नावाचं बक्षीस मिळालं.

"पुरे म्हणून दिलं असेल," नोना म्हणाली आणि बदामाची पुडी फोडली.

शेवटी वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, वर झाकण. भाचीने उचलली ती बर्फी निघाली. इकडचे "मुलगी, मुलगी" म्हणून ओरडले. तिकडच्यांना ही भानगड समजावून सांगेपर्यंत पेढा आणि बर्फी दोन्ही नोनाने खाऊन टाकले होते.

मुलगी झाली. सात पौंडांची, काळ्याभोर केसांची, आवाज खणखणीत.

बारशाच्या कामांची यादी भाचीने फॅमिली ग्रुपवर टाकली. पाळणा, फुगे, घुगऱ्या, प्रत्येकापुढे एकेक नाव. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : 'मंडळाच्या खुर्च्या. आणणे, मांडणे, परत नेणे.' संगीतापुढे नाव होतं नोनाचं. मी भाचीला फोन करून म्हटलं की यादी मी देत नाही, निदान सूचना तरी करू दे. तिकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि मग तिचा. "मामा, खुर्च्या चाळीस आहेत. दोन फेऱ्या लागतील तुला."

बारशाच्या दिवशी दुसरी फेरी टाकून घामाघूम होऊन मी आत आलो, तर नोना दारातच वाट बघत उभी होती. एका हातात नवा ब्लूटूथ स्पीकर, दुसऱ्या हातात फोन, आणि दोन्हींची ओळख काही केल्या पटत नव्हती. मी खुर्ची खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि तिला ते जोडून दिलं. तिने माझा गाल धरला, हलवला आणि सिनात्रा लावला.